लाहौलच्या आजी-आजोबांकडे : शेवटचे सत्तर किलोमीटर

माझं माहेर पुण्याचं आणि सासर हिमाचलातल्या लाहौलचं. तांदी नावाच्या जागी चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढे चंद्रभागा म्हणून वाहतात. तीच जम्मूकडे गेली की चिनाब होते. लग्न ठरलं तेव्हा लाहौल नकाशात कुठे आहे हे माझ्या आईला ठाऊक नव्हतं, पण सासरच्या नदीचं नाव चंद्रभागा आहे असं कळल्यावर तिने तिथल्या तिथे हात जोडले होते. तांदीच्या वरच्या अंगाला, उतारावरच्या एका छोट्या गावात सासू-सासऱ्यांचं घर आहे.

लग्नाला दहा वर्षं झाली, पण आम्ही दर वेळी मे-जूनमध्येच गेलो. हिवाळ्यात जायचं असतं हे नवऱ्याच्याही अंगवळणी नव्हतं. त्याच्या लहानपणी नोव्हेंबरात रोहतांग बंद झाला की पुढचे पाच-सहा महिने खोरं जगापासून तुटायचं. ३,९७८ मीटर उंचीची ती खिंड, तिला तिकडे जोत म्हणतात. सरकारी हेलिकॉप्टर असायचं, पण हवा मोकळी असेल तेव्हा आणि जागा मिळाली तर. तो कुल्लूला नातेवाइकांकडे राहून शिकला, आणि शाळेची कितीतरी वर्षं त्याने हिवाळ्यातलं स्वतःचं घर पाहिलंच नाही. ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगच्या डोंगराखालून जाणारा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून घर जेमतेम सत्तर किलोमीटरवर आलं. तरीही आमचं जाणं राहत गेलं. कधी नोकरी, कधी मुलीचं वय.

गेल्या डिसेंबरात मुलगी आठ वर्षांची झाली. व्हिडिओ कॉलवर दादाजींनी खिडकीच्या कडेपर्यंत साठलेलं बर्फ दाखवलं आणि तिने विचारलं, "दादाजी तिथे एकटे काय करतात?" त्या संध्याकाळी आम्ही तिकिटं काढली.

आमची पहिली चूक तिथेच झाली. नाताळची शाळेची सुट्टी आणि माझी रजा मिळून नऊ दिवस होते, आणि आम्ही ते काठोकाठ भरले. विमानाने चंदीगड, रात्रीच्या बसने मनाली, त्याच संध्याकाळी घर. परतीचंही तसंच. सासऱ्यांना सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "दो दिन हाथ में रखो बेटा." आम्ही हो म्हटलं, पण ठेवले नाहीत.

सामानात भाकरवडी, सासूबाईंना आवडते ती शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या घेतल्या. कपडे मात्र चुकले. पुण्यात दुकानातून भारी जाकिटं आणली, पण मुलीचे हातमोजे सुती होते आणि पँट जीन्सच्या. सुती कापड एकदा भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. मनालीच्या बाजारात तिच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट, दोन जोड लोकरीचे मोजे आणि बर्फावरचा काळा चष्मा घेतला. कुणी लहान मुलांना घेऊन जाणार असेल तर ही खरेदी मनालीतच करावी. तिथल्या दुकानदारांना काय टिकतं ते माहीत असतं.

बस सकाळी मनालीत पोहोचली तेव्हा हलकं बर्फ भुरभुरत होतं. मुलगी खिडकीला नाक लावून बसलेली. सात वाजता सासऱ्यांचा फोन आला : "पाला जमा है. आज मत आना."

पाला म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे झाडाचा पाला येतो. तिकडे पाला म्हणजे गोठलेलं दव, रस्त्यावर काचेसारखा बसलेला पातळ थर. दिवसा उन्हाने बर्फ वितळतं, पाणी डांबरावर पसरतं आणि रात्री तेच गोठतं. ताजं भुसभुशीत बर्फ डोळ्यांना दिसतं, त्यात चाक रुततं, पण धरही मिळते. पाला दिसत नाही. रस्ता ओला आहे असं वाटतं आणि गाडी हातची निघून जाते. सासरे बर्फाला कधी घाबरलेले मी पाहिले नाहीत, पाल्याला घाबरतात.

आम्ही ऐकलं नाही. समोरून गाड्या जाताना दिसत होत्या, टॅक्सीवाला तयार होता, आणि घर सत्तर किलोमीटरवर होतं. सोलंगच्या अलीकडे पोलिसांनी सगळ्यांना थांबवलं. पुढे फक्त फोर बाय फोर आणि चाकांना साखळ्या असलेल्या गाड्या, त्याही स्थानिकांच्या. नवरा खाली उतरून मी इथलाच आहे म्हणून सांगायला गेला. आधार कार्ड पाहिलं तर पत्ता पुण्याचा. हवालदाराने ते शांतपणे परत दिलं आणि म्हणाला, "भाईजी, बच्ची साथ है, लौट जाओ." दोन तास रांगेत अडकलो. पुढची एक गाडी जागच्या जागी आडवी फिरून कठड्याला टेकली. कुणाला लागलं नाही, पण मुलगी माझ्या हाताला घट्ट धरून बसली ती मनालीपर्यंत सोडायला तयार नव्हती. दहा हजार फुटांवर राहणारा माणूस सकाळी सातला फोन करून जे सांगतो ते ऐकायचं असतं, हे मी त्या रांगेत बसून नवऱ्याला सांगितलं, आणि स्वतःलाही.

मग मनालीत दोन दिवस. खर्च वाढत होता, सुट्टी संपत होती, आणि मुलीला कळत नव्हतं की आजी-आजोबा इतके जवळ असून आपण खोलीत का बसलोय. पण त्या दोन दिवसांचा एक फायदा झाला. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आहे आणि बोगद्याचं तोंड तीन हजारांच्या वर. पूर्वी रोहतांगवरून जाताना अर्धा-पाऊण दिवस चढण्यात जायचा. आता पुण्याहून निघालेलं मूल चोवीस तासांत तीन हजार मीटरवर पोहोचू शकतं. मनालीत थांबल्यामुळे तिचं शरीर सावकाश रुळलं. वर गेल्यावर पहिल्या दिवशी तिचं डोकं थोडं दुखलं, जेवण नको म्हणाली, पण पाणी पाजून लवकर झोपवल्यावर सकाळी ठीक होती.

सासरे दिवसातून तीनदा फोन करत. हवामान खात्याचा इशारा काय आहे, हिमकडे कोसळण्याचा इशारा काय आहे, सीमा सडकवाल्यांची बर्फ हटवणारी मशीन कुठवर आली. तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश निळं झालं. "ग्यारह बजे निकलना," ते म्हणाले. चुलत दीर त्याची पिकअप घेऊन आम्हाला न्यायला आला होता. अकराच्या आधी निघायचं नाही, कारण ऊन रस्त्यावर पोहोचून पाला सुटायला तेवढा वेळ लागतो. आणि तीनच्या आत पोहोचायचं, कारण त्यानंतर डोंगराची सावली पडते आणि पाणी पुन्हा गोठायला लागतं. आमच्या सगळ्या प्रवासाचं वेळापत्रक म्हणजे हे चार तास.

नाक्यापुढे दिराने खाली बसून साखळ्या चढवल्या. गाडी दुसऱ्या गियरच्या वर नेली नाही आणि ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही, सगळा वेग इंजिनवर धरला. धुंदीच्या पुढे बोगद्याच्या तोंडाशी साखळ्या काढल्या, कारण आत रस्ता कोरडा असतो आणि कोरड्या डांबरावर त्या तुटतात. ९.०२ किलोमीटर. मुलीने आतल्या भिंतीवरचे टेलिफोन मोजायला घेतले, दर दीडशे मीटरवर एक असतो. मी त्या डोंगराचा विचार करत होते. हा बोगदा खणताना सेरी नाल्याखाली डोंगरातून पाणी फुटलं आणि तेवढ्या एका तुकड्याने कामाची कित्येक वर्षं खाल्ली. ज्यांनी ते पाणी अंगावर घेत खडक फोडला त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांच्यामुळे माझी मुलगी डिसेंबरात तिच्या दादीकडे चालली होती, एवढं मला माहीत होतं.

पलीकडच्या तोंडातून बाहेर आलो आणि काही क्षण कुणीच बोललं नाही. ऊन इतकं लख्ख की चष्म्यातूनही डोळे बारीक करावे लागले. सिस्सू गावच्या विलोंची उघडी, लालसर झाडं पांढऱ्यातून वर आलेली. नवरा चाळिशीला टेकलाय. हिवाळ्यातलं हे खोरं तो इतक्या वर्षांनी पाहत होता. त्याने काच खाली केली आणि बराच वेळ वर केली नाही. आम्हाला थंडी वाजत होती, पण मी काही म्हटलं नाही.

गावाकडे चढणारा रस्ता साफ झाला नव्हता. शेवटचा किलोमीटर पायी. तिथे सासरे उभे होते, हातात लाकडी फावडं. सकाळपासून त्यांनी एका माणसाला जाता येईल एवढी वाट तुडवून ठेवली होती. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मुलीला म्हणाले, "मेरे पैर में पैर रखना." ती त्यांच्या प्रत्येक पावलाच्या खड्ड्यात पाऊल टाकत घरापर्यंत गेली.

घरात हिवाळ्यात सगळं आयुष्य एका खोलीत गोळा होतं. मधोमध तंदूर, म्हणजे पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर. त्याच्यावर सतत काहीतरी असतं : पाण्याची किटली, डाळीचा कुकर, कधी वितळायला ठेवलेलं बर्फ. नळ रात्री बारीक धारेवर सोडून ठेवतात, बंद केला तर नळी गोठून फुटते. या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे राजमा कुकरशिवाय शिजतच नाही. सासूबाईंनी पहिल्या दिवशी काठूच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे चिलडे केले. मुलगी त्याला धिरडं म्हणाली आणि शेंगदाण्याच्या चटणीशी चार खाल्ले. चटणीची बरणी दोन दिवसांत संपली.

बर्फ पडलं की सासरे पहाटे धाब्यावर चढतात. छत मातीचं, सपाट. बर्फ साचू दिलं तर वजन वाढतं आणि वितळून पाणी आत झिरपतं. नवराही चढला. तासाभरात तो घामाघूम होऊन बसला, सासरे त्याच चालीने ओढत राहिले. मी खालून पाहत होते आणि मनात हिशेब करत होते, की दर वर्षी असे किती दिवस ते एकटे चढतात. पुण्याला चला, हे आम्ही त्यांना अनेकदा म्हटलंय. त्या सकाळी मला पहिल्यांदा जाणवलं की आम्ही ते फार सहज म्हणतो. गायी आहेत, खड्ड्यात पुरून ठेवलेले बियाण्याचे बटाटे आहेत, जानेवारीत हालडा हा तिकडचा नव्या वर्षाचा सण येतो. त्याच्याऐवजी आम्ही दर हिवाळ्यात यावं, हे आम्ही त्या रात्री ठरवलं.

संध्याकाळी सासूबाई विणत बसत. लाहौली मोज्यांना आणि हातमोज्यांना आता जीआय मानांकन मिळालंय, पण त्यांच्या लेखी ते हिवाळ्याचं काम. त्यांनी मुलीला पहिला टाका शिकवला. सासरे रोहतांगच्या गोष्टी सांगत. तरुणपणी मार्चमध्ये ते चौघांसोबत खिंडीच्या लाहौलकडच्या पायथ्याच्या कोकसरहून जोत ओलांडून गेले होते. मध्यरात्री निघायचं, गोठलेल्या बर्फावरून चालायचं आणि दुपारच्या आत पलीकडे उतरायचं, कारण दुपारी वारा सुटतो. "पार हो गए" हा निरोप त्यांच्या आईला अकराव्या दिवशी मिळाला. तोवर तिने रोज संध्याकाळी दिवा खिडकीत ठेवला होता. गोष्ट सांगून ते उठले आणि तंदुरात लाकूड सारलं. मुलगी म्हणाली, "दादाजी, तुमच्या आईला फोन का नाही केला?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चार रात्री मिळाल्या. पाचव्या दिवशी पुन्हा ढग येणार असा इशारा होता. या वेळी आम्ही वाद घातला नाही. परतीचं विमान दोन दिवसांनी होतं, तरी एक दिवस आधीच खाली उतरायचं ठरलं. अकरा वाजता निघालो. सासूबाईंनी मोज्यांचे तीन जोड पिशवीत टाकले, मुलीचा जोड दोन बोटं मोठा, पुढच्या हिवाळ्यालाही येईल असा. निघताना सासऱ्यांनी दिराला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि आमच्याकडे बघून फक्त मान हलवली. वाट तशीच तुडवलेली होती. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते धाब्यावर उभे होते.

साखळ्या चढवल्या, काढल्या, बोगद्यात शिरलो. मनालीकडच्या तोंडातून बाहेर पडताच दिराने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "चाचाजींना फोन लावा. त्यांनी सांगितलंय, इथे पोहोचल्यावर आधी फोन." मुलीने फोन लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत तिकडून उचलला गेला.

"पार हो गए?"

"हो दादाजी," मुलगी मराठीतच म्हणाली. "पार झालो."