कोंबडीच्या खाद्यात हळद: रिपोर्टपायी गेलेली बॅच

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबडीच्या खाद्यात घरची हळद टाकणं सोपं आहे. किलोला ५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला पाव किलो. कोंबड्या ती मुकाट्यानं खातात. माझं घोडं अडलं ते तपासणीपाशी.

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर भागात वायगावची हळद होते. यंदा हळकुंडं वाळत असताना अवकाळी पावसानं गाठलं. बुरशी धरली असेल तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती, आणि त्यानं कोंबडीचं यकृतच जातं. म्हणून दळण्याआधी नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेलो. पहिल्या खिडकीवर उत्तर मिळालं, "भाऊ, हळद मसाल्यात येते, अन्नाच्या विभागात जा." तिथं म्हणाले, "कोंबड्यांना देता नं? मग हे पशुखाद्य." पशुखाद्याच्या फॉर्मवर मका होता, सोयापेंड होती, हळद नव्हती. साहेब दौऱ्यावर. साहेब आले तर सही दुसऱ्याची लागते म्हणे. इकडे पिल्लं शेडमध्ये वाढत होती. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा पाहुणा, तो कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. अख्खी बॅच हळदीविना विकली गेली. हे आठवलं की अजूनही डोकं तापतं. शेवटी तिथल्याच एका ताईंनी मार्ग दाखवला: नमुन्याच्या रकान्यात "कोंबडी खाद्याचा कच्चा माल" लिहा आणि तपासणीचं नाव स्वतःच टाका, अफ्लाटॉक्सिन बी-१. फॉर्म लगेच घेतला. रिपोर्ट चांगला आला तेव्हा जीव भांड्यात पडला.

नमुना एकाच पोत्यातून घेऊ नका. बुरशी सगळीकडे सारखी नसते, प्रत्येक पोत्यातून मूठ-मूठ काढून एकत्र करा. आणि हे पिल्लं बुक करायच्या आधीच उरका.

पुढच्या बॅचला हळद आणि थोडी मिरपूड दिली. मिरीतल्या पायपरीनमुळे हळदीतलं करक्यूमिन अंगी लागायला मदत होते. लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा, कोरडं राहिलं. वजनात मोठा फरक मला दिसला नाही, खोटं कशाला सांगू?

हळद पाण्यातून देऊ नका. ती विरघळत नाही, खाली बसते, पाणी पिण्याचे निपल चोंदतात. आधी दोन-चार किलो मक्याच्या भरड्यात घोळवा, मग पोत्यात मिसळा, नाहीतर एकीकडे गोळे आणि एकीकडे काहीच नाही. बाजारची फार पिवळीजर्द पूड टाळा, रंगासाठी तीत कधीकधी शिशाचं विषारी क्रोमेट घालतात. लासोटा (राणीखेत रोगाची) आणि गंबोरो रोगाची, या लसी वेळेवर द्यायच्याच, हळद त्यांची जागा घेत नाही.

कंपनीच्या करारावर बॅच असेल तर खाद्य कंपनीचं असतं. सुपरवायझरला विचारल्याशिवाय त्यात चिमूटभरही टाकू नका.