तीन तळी आणि बाभळीचा एक काटा

सोलापूरची तळी सायकलवरून बघायची ठरवली, पण पहिल्या रविवारी आम्ही हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत पोचलोच नाही. चूक माझीच. भाजी आणायला निघाल्यासारखा क्रम लावला होता मी: जवळचं आधी, लांबचं शेवटी. सिद्धेश्वर तळं, शेजारचा भुईकोट किल्ला, मग विजापूर रोडला कंबर तलाव आणि सगळ्यात शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं हिप्परगं. कागदावर झकास दिसत होतं. तुळजापूर रस्त्याला लागेतो बारा वाजले, आणि तिथे मागचं चाक बसलं.

भाचा पुण्याहून आलेला. त्याने मित्राची गिअरची सायकल माझ्यासाठी मागून आणली होती. शाळेनंतर मी सायकलवर बसले नव्हते, पण तो अंगात उतरलेला तोल काही जात नाही. टायरमधून बाभळीचा काटा निघाला, चांगला बोटाच्या पेरापेक्षा लांब. पाव किलोमीटर ढकलत एका टपरीवर नेली. ट्यूबला ठिगळ लागलं, पण हवाच भरता येईना.

"मावशी, ही नळी लई बारीक हाय की ओ. आमचा पाईप बसंना बगा."

अशा काही सायकलींना प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, सडपातळ. टपरीवरचा पाईप जाड नळीचा. मध्ये लावायला एक पितळी अडॅप्टर मिळतो, शेंगदाण्याएवढा, किंमतही तशीच किरकोळ. तो आमच्याकडे नव्हता. सायकल टेम्पोत टाकून घरी आलो. सोलापूरच्या आसपास सायकल घेऊन फिरणार असाल तर टोपी विसरलात तरी चालेल, पण अडॅप्टर आणि एक जादा ट्यूब हवीच. बांधाबांधाला बाभळ आहे.

पुढच्या रविवारी क्रम उलटा केला. पहाटे सहाला निघालो, जानेवारीची थंडी, अंधार. जाताना वारा तोंडावर, म्हणजे येताना पाठीशी. तुळजापूर रस्त्यावर ट्रक भरपूर, तेव्हा पांढऱ्या पट्टीच्या डावीकडेच राहायचं आणि मागे लाल दिवा लावायचा. उजाडता उजाडता तळं दिसलं.

लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून हे पाणी डावी-उजवीकडे कुठेतरी जाताना पाहिलेलं. सायकलवरून त्याचा आवाका कळतो, कारण ते संपतच नाही. कागदोपत्री याचं नाव एकरुख तलाव. आदिला नदीवर मातीचा बांध घालून इंग्रजांनी १८७१ साली शेतीच्या पाण्यासाठी पुरा केलेला. सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यातही याचा वाटा आहे. बहुतेक पाणी आता उजनीचं आणि भीमेचं, पण हिप्परग्यात किती साठा आहे ही चौकशी उन्हाळ्यात घरोघरी होतेच. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला एवढं मोठं पाणी बघून जरा राग येतो, हेही सांगून टाकते.

हिवाळ्यात इथे पट्टकादंब उतरतात, हिमालय ओलांडून येणारे हंस. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. भाच्याने दुर्बीण आणली होती, मला मात्र अर्धा वेळ त्यातून स्वतःच्या पापण्याच दिसल्या. काठावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. सायकलवाल्यांचे ते महागडे चिक्कीसारखे बार असतात ना, त्याहून हे बरं. चुरत नाही, आंबत नाही, आणि भाकरी मोडताना जो कडकन् आवाज होतो त्याने जवळचा बगळा उडाला. परतताना गावातल्या मश्रूम गणपतीला हात जोडले. नावावरून भाच्याने नको ते विनोद केले.

परतीला वाऱ्याने ढकललंच. कंबर तलाव आम्ही उरकला, दुसरा शब्द नाही. याचं आताचं नाव धर्मवीर संभाजी तलाव, पण रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगावं लागतं. कानडीत कंबार म्हणजे लोहार. आपल्या गावात निम्मी नावं कानडीतून उलगडतात. शेजारी स्मृती उद्यान आहे, झाडं छान, पण पाण्यावर जलपर्णीची हिरवी सतरंजी. दहा मिनिटांत निघालो.

दुपारी घरी झोप काढून चार वाजता किल्ल्यावर. किल्ला पायीच बघायचा, सायकली दाराशी साखळीने बांधून. तीन बाजूंना खंदक, पूर्वेला सिद्धेश्वर तळं, म्हणजे चौथी बाजू पाण्यानेच राखलेली. मूळ बांधणी बहामनी काळातली. पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांची या किल्ल्यावरून किती वर्षं जुंपली होती! १५२४ च्या सुमाराला आदिलशाहाची बहीण मरियम निजामशाहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात द्यायचं ठरलं आणि दिला मात्र नाही. झालं, लढाया सुरू. पुढे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी तह झाला, अहमदनगरची चांदबीबी विजापूरला सून म्हणून गेली, आणि या वेळी किल्ला तिच्याबरोबर खरंच गेला. मी भाच्याला म्हटलं, आपल्याकडे हुंड्यात स्कूटर राहिली तरी वीस वर्षं बोलणं होतं, इथे तर अख्खा किल्ला राहिला होता. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने तो पेशव्यांच्या फौजेकडून घेतला.

आत बत्तीस खांबांची वास्तू आहे, ती सगळे बघतात. पण मी रेंगाळले ते जुन्या देवळाच्या अवशेषांपाशी. कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचं देऊळ. सिद्धरामेश्वरांची कानडी वचनं ज्या नावाने संपतात तेच हे नाव, कपिलसिद्धमल्लिकार्जुन. शाळेत गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीसाठी आम्ही सिद्धरामेश्वरांचा जयजयकार केला, पण त्यांच्या सहीतला देव किल्ल्यात आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. बाराव्या शतकातला हा माणूस, बसवेश्वरांच्या काळातला. स्वतः राबून, माणसं जमवून त्याने शेजारचं तळं खोदवलं आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली.

सूर्य खाली गेल्यावर तळ्यातल्या देवळाकडे गेलो. पाण्यातून वाट, मध्ये सिद्धरामेश्वरांची समाधी. यात्रा चार-पाच दिवसांवर आली होती. यात्रेची गोष्ट भाच्याला आईने कधी सांगितली नव्हती, म्हणून मीच पायरीवर बसून सांगितली. एका कुंभारकन्येला त्यांच्याशी लग्न करायचं होतं. ते ब्रह्मचारी. म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. दरवर्षी संक्रांतीच्या दिवसांत तेच लग्न पुन्हा लागतं. आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, त्याला यण्णीमज्जन म्हणतात, मग सम्मती कट्ट्यावर अक्षता, मग होम. सात नंदीध्वज, उंच काठ्या, आणि त्या पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले लोक.

"मग ती मुलगी?" भाचा म्हणाला.

"होमात गेली, असं सांगतात."

तो बराच वेळ गप्प होता. मीही गप्प.

निघताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्याजवळ थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि या चौघांना येरवड्यात १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली. तारखेकडे बघा: ऐन गड्ड्याच्या तोंडावर. त्या वर्षी अक्षतांना जमलेली माणसं एकमेकांशी काय बोलली असतील, हा विचार माझ्या डोक्यात घरी येईपर्यंत होता.

आणि घरी येताना अडकलोच. नंदीध्वजांचा सराव चालला होता. गल्लीत दिवे, हलग्या, मध्येच "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" आणि तेवढ्या उंचीची काठी एकाने पेललेली, मान वर, नजर टोकावर, बाकीचे भोवताली सावध. वरच्या वायरी बघून मीच श्वास रोखला. आम्ही सायकलींवरून उतरून भिंतीला चिकटलो. भाच्याचे डोळे चमकले. शेजारच्या पोराला त्याने विचारलं, "मला पेलता येईल का?"

पोराने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याच्या सायकलीकडे पाहिलं.

"आदी ही बाजूला घ्या की ओ. काठी येऊ लालीय."