एमबीत न बसणारं काम

मी गोंदिया जिल्ह्यात रोहयोचा, म्हणजे रोजगार हमी योजनेचा, तांत्रिक सहाय्यक आहे. म्हणजे टेप घेऊन खड्डे मोजायचे, एमबी (मोजमाप पुस्तक) लिहायची आणि रेंज नसलेल्या जागी हजेरीचा फोटो अपलोड होत नाही म्हणून मजुरांच्या शिव्या खायच्या. मजुरी मापावर निघते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. घनमीटर नाही तर पैसा नाही.

यावर्षी एका मामा तलावावर काम होतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजारांच्या म्हणजे जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले तलाव; 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले, तेव्हापासून पाळीला (तलावाच्या बांधाला) भगदाड पडलं तर कुणी पाहायचं यावर प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. गाळाचं काम उन्हाळ्यातच उरकलेलं, पहिला पाऊस झाल्यावर मी शेवटचं माप घ्यायला गेलो तर ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) बाया गुडघाभर चिखलात, पलीकडच्या गावच्या तलावातून ओल्या बोऱ्यात भरून आणलेल्या पाणवनस्पती लावतायत. काठाला देवधान (रानटी भात), आत खोलात लांब पट्टीच्या पानांचं गवत, जिथे मासे अंडी घालतात. मध्ये कुठल्याशा योजनेतून ग्रासकार्प हा गवत खाणारा मासा सोडला होता, त्यानं तळ खाऊन साफ केला, आणि नुसती रोहू-कटल्याची बोटुकली टाकत बसलं की मरळ हा इथला मासा काही परत येत नाही, हे त्यांचं साधं गणित.

बेशरम हे तण तर त्यांनी मुळासकट उपटून पाळीवर उलटी वाळवली होती. आधी जेसीबीवाल्यानं ती तोडून तिथेच टाकलेली, आणि तुकडा ओल्या मातीला लागला की फुटतोच. एक आजी म्हणाली, "साहेब, मशीन बेशरम काढत नाई, पेरते." ठेकेदार मात्र बिल घेऊन मोकळा.

बेशरम काढली ते क्षेत्रफळ मी चौरस मीटरमध्ये बसवलं. पण लागवड? अंदाजपत्रकाच्या कुठल्याच आयटममध्ये नाही. वृक्षलागवडीत टाकावी तर खड्ड्याचा आकार मागतात, पाण्यातल्या गवताला कसला आलाय खड्डा! वरच्या साहेबांना फोन केला तर ते म्हणे "ते राहू द्या, गाळ किती निघाला ते सांगा." यांना तलाव म्हणजे नुसती टाकी वाटते, खोल केली की झालं.

लागवडीची मजुरी निघणार नाही असं बायांना सांगितलं तर त्या हसल्या, मजुरी मासे देतील म्हणाल्या. मला नाही हसू आलं. दोन वर्षांनी मरळ आलीच तर श्रेय आमच्या घनमीटरला जाईल आणि पुढच्या अंदाजपत्रकात अजून एक जेसीबी लागेल. ग्रामसभेत या लागवडीसाठी वेगळा ठराव घ्या असं सरपंचांना म्हटलंय. कुणाकडे असं काम मंजूर झालं असेल तर कोणत्या आयटमखाली बसवलंत तेवढं सांगा.