दूध पुरतंय का, ताई?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं घरात पाऊल टाकलं की चहाच्या आधी हाच प्रश्न येतो. विचारते बहुधा आजी. बाळंतीण मान खाली घालून, निकाल लागायचा असल्यासारखी बसलेली असते.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही आशा कार्यकर्त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जातो. नवजात बाळाला घरी जाऊन बघायची ही रीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत खेड्यातल्याच बायकांना शिकवून उभी केली. 2011 पासून आशांमार्फत ती देशभर गेली. सगळ्यात अवघड भेट तिसऱ्या दिवसाची, कारण बाळाला झोळीत घालून काटा उचलला की वजन घटलेलंच निघतं.

मध्यंतरी एका घरी तसंच झालं. जन्माचं वजन 2 किलो 800 ग्रॅम, काट्यावर 2 किलो 620. आजीने काट्याकडे नाही, सुनेकडे बघितलं. म्हटलं, आजी, अंगातलं जास्तीचं पाणी आणि काळी शी बाहेर पडते, थोडं उतरणारच. दहावा हिस्सा उतरला तर मी स्वतः दवाखान्यात घेऊन जाईन. दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यावं, आणि त्याच सुमारापासून दिवसाला 25-30 ग्रॅम चढावं.

मग मी परसात गेले आणि दोरीवरचे लंगोट मोजले. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्यापासून सहा किंवा जास्त. शी काळी, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत हळदीसारखी पिवळी. एवढं जमत असेल तर दूध पुरतंय. डायपरमध्ये हा हिशोब लागत नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस तरी जुन्या सुती लुगड्याचे लंगोट बरे.

रडण्यावरून मात्र दूध मोजू नका. माझा थोरला दीड महिन्याचा होता, तेव्हा मी आशा नव्हते. रोज दिवेलागणीला सूर लावायचा. घरात सगळ्यांचं ठरलं, पोट भरत नाही. मीही मानलं. संध्याकाळी वरच्या दुधाची बाटली सुरू झाली. तो झोपला, आणि माझी छाती तशीच भरलेली राहिली. भरलेली छाती दूध करणं कमी करते, रिकामी होणारी वाढवते. हे मला प्रशिक्षणात कळलं, तोवर थोरला शाळेत जायला लागला होता. तिसऱ्या महिन्यात माझं दूध आटलं. संध्याकाळची ती रडारड सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

अळिवाची खीर, शेपू, शतावरी, सगळं खाऊ दे तिला. बाळंतिणीला भूक असतेच, त्यावरून वाद कशाला. पण दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्याने, त्यातही रात्रीचं पाजणं चुकवू नये. बाळाने नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात घ्यायला हवा. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज. आईला दुखत राहिलं तर पकड चुकली आहे. करंगळी घालून सोडवा, पुन्हा लावा. सहा महिने वरचं पाणी नको, उन्हाळ्यातही नको. मध तर वर्षभर नाही.

बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर लंगोट मोजत बसायचं नाही. 108 लावायचा आणि मग मला फोन करायचा.

त्या घरी चौदाव्या दिवशी गेले. काटा 2 किलो 850 वर थांबला. आजीने चुलीतल्या कोळशाने न्हाणीच्या भिंतीवर रेघा ओढून ठेवल्या होत्या, दिवसाची एक ओळ. चहाचं नाव नाही, मला हाताला धरून तिथे नेलं. "परवा नऊ, काल सातच. का गं?"