चिरेखाणीतले ‘अंधायुग’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असा निरोप आला आणि मला शाळेतली आधी आठवली ती नाटकाची तालीम. आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात नाटकाचे वेड कुणाला शिकवावे लागत नाही. जत्रा आली की देवळापुढच्या मांडवात नाटक ठरलेलेच. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी तोंडाला रंग लावलेला. आवाज होता, गाणे होते, पाठांतर तर खणखणीत. संहिता वाचावी कशी, हे मात्र आम्हाला मराठीच्या सरांनी शिकवले. आणि सर स्वतः कुणाकडून शिकले, तर ते एकच नाव घेत: नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी.

सर दिल्लीला कधी गेले नव्हते. अल्काझींच्या हाताखाली तयार झालेल्या एका दिग्दर्शकाचे शिबिर त्यांनी केले होते, तेवढीच पुंजी. पण असे सांगत, की जणू रोजचा शेजार! अल्काझींचा जन्म 1925चा, पुण्यातला, घर अरबी. लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि ‘थिएटर युनिट’ या नाट्यसंस्थेतून इमारतीच्या गच्चीवर नाटके करू लागले. विजया मेहता त्यांच्याकडेच शिकल्या. 1962 ते 1977 अशी पंधरा वर्षे ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. ओम पुरी, नसीरुद्दीन शाह, रोहिणी हट्टंगडी ही सगळी त्या काळातली मुले. तिथे नटालाही सुतारकाम, प्रकाशयोजना, वेशभूषा शिकावी लागे. संचालकांनी स्वच्छतागृह स्वतः धुऊन दाखवल्याचे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. आमच्या तालमीआधी केर काढायची पाळी मुख्य भूमिकेवाल्याची असे, ती याचमुळे.

अल्काझींनी 1963 साली धर्मवीर भारतींचे ‘अंधायुग’ हे महाभारत युद्धाच्या शेवटावरचे हिंदी नाटक दिल्लीत फिरोजशाह कोटला या जुन्या किल्ल्याच्या भग्न अवशेषांत केले. आमच्याकडे कोटला कुठला? सरांनी शाळेमागची बंद पडलेली चिरेखाण निवडली. तांबड्या चिऱ्यांच्या उभ्या कापलेल्या भिंती, तळाला सपाट जमीन. नाटकातला सुरुवातीचा प्रवेश त्यांनी स्वतः मराठीत उतरवला होता. ओसाड राजवाड्यात येरझाऱ्या घालणारे दोन पहारेकरी. त्यांतला एक मी. मी छाती काढून, भाला आपटत आलो, जत्रेतल्या नाटकात येतात तसा. सरांनी थांबवले. म्हणाले, “सतरा दिवस पहारा केलाय तू. राखायला आत काही उरलेलं नाही. आता पाय कसा पडेल?” मग त्यांनी मला संध्याकाळी देवळाच्या राखणदाराच्या मागे पाठवले. तो माणूस काठी टेकत नसे, ओढत असे. वळताना आधी मान, मग खांदा, मग पाय. ते चालणे अंगात मुरले तेव्हा वाक्ये आपोआप हळू झाली. खाणीच्या भिंतीवर आवाज घुमायचा, त्यामुळे दोन वाक्यांमध्ये थांबावेच लागे, आणि ते थांबणे प्रवेशाला फार शोभले.

अल्काझींची पद्धत पाश्चात्त्य, आपल्या मातीतले तिच्यात कमी, अशी टीका पुष्कळ झाली. त्यांच्यानंतर संचालक झालेल्या ब. व. कारंतांनी लोकपरंपरेला विद्यालयात मोठी जागा दिली. काला आणि रणमाले ही गोव्याची लोकनाट्ये पाहत वाढलेल्या मला कारंत अधिक जवळचे वाटायला हवेत, आणि वाटतातही. तरी मला वाटते, आम्हा गोव्याच्या पोरांना अल्काझींचीच गरज जास्त होती. उत्साह आमच्याकडे रग्गड होता. शब्दामागचा माणूस शोधायची चिकाटी नव्हती.

4 ऑगस्ट 2020 रोजी अल्काझी गेले. मी सरांना फोन केला. त्या प्रवेशाच्या नेपथ्याबद्दलच आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.

सुवर्णमहोत्सवात आजची मुले नाटक करणार असे कळले. व्यवस्थापनाला माझी कळकळीची विनंती आहे: मंडपवाल्याकडून तयार नेपथ्य भाड्याने आणू नका. मुलांच्या हाती हातोडा, खिळे, बांबू आणि माडाच्या झावळ्या द्या. खर्चाचा भार आमची तुकडी उचलेल, आणि तालमीच्या वेळी केर काढायलाही आमच्यातले कुणीतरी नक्की येईल.