मला नाताळ नको होता, तेव्हा मी बेथलेहेमला गेले

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमचं बाळ गेलं. मला सातवा महिना चालू होता. त्यानंतर मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जो भेटेल तो एकच सांगायचा, प्रभूमध्ये आनंद कर, आणि डिसेंबर जवळ यायला लागला तशी मला त्या शब्दाचीच धास्ती बसली. खरं सांगते, व्हॉट्सअ‍ॅपवर गव्हाणीतल्या बाळाचं चित्र आलं की मी फोन पालथा घालून ठेवायचे. आणि अशात मम्मींनी (सासूबाईंना मी मम्मी म्हणते) मंडळीच्या पवित्र भूमीच्या टूरमध्ये आम्हा दोघींची नावं देऊन टाकली, मला न विचारता.

गालीलचा समुद्र, यार्देन नदी, मृत समुद्र, जेरुसलेम सगळं झालं, फोटो आहेत, कधीतरी टाकीन. मला लिहायचंय ते फक्त बेथलेहेमबद्दल.

जेरुसलेमपासून बेथलेहेम जेमतेम आठ-दहा किलोमीटर, पण ते पॅलेस्टिनी भागात, मध्ये काँक्रीटची उंच भिंत आणि चेकपोस्ट. आमचा इस्रायली गाईड भिंतीच्या अलीकडेच उतरला आणि पलीकडे बेथलेहेमचाच एक पॅलेस्टिनी ख्रिस्ती गाईड बसमध्ये चढला, शांत माणूस, आवाज न चढवता बोलणारा. त्याने हात करून दाखवलं, त्या भिंतीपलीकडे राहेलची कबर आहे. आमच्यातल्या बहुतेकांनी फोटोसाठी मोबाईल वर केले. मी मात्र बसल्या जागी गार पडले, कारण राहेल कशी गेली ते मला माहीत होतं. बाळंतपणात. उत्पत्तीच्या पुस्तकात, ३५ व्या अध्यायात, ती वाटेतच मरते आणि तिचा नवरा याकोब तिला तिथेच पुरतो, आणि पवित्र शास्त्रात बेथलेहेम हे नाव पहिल्यांदा येतं ते त्या ठिकाणी. संडेस्कूलपासून बेथलेहेम म्हटलं की तारा, मेंढरं, देवदूत. एका बाळंतिणीच्या मरणाने या गावाची गोष्ट सुरू होते हे मी इतकी वर्षं वाचूनही वाचलं नव्हतं.

ख्रिस्तजन्माच्या चर्चचं दार जेमतेम चार फूट उंच आहे, वाकल्याशिवाय कुणालाच आत जाता येत नाही. मम्मींचे गुडघे दुखरे, त्या एका हाताने चौकटीचा दगड धरून आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून आत आल्या. आत एकदम उंच, सहाव्या शतकातली इमारत, दोन्ही बाजूंना लालसर दगडाचे खांब, वर भिंतींवर सोनेरी मोझेक नुकतेच साफ केलेले. आणि गर्दी! दोन तास रांगेत होतो आम्ही. मला गर्दीचं एवढं नाही वाटत, पण त्या जागी लोक ढकलाढकली करतात, मध्येच घुसतात, पुढच्याच्या डोक्यावरून सेल्फी काढतात, त्याचं फार वाईट वाटलं. एक म्हातारे गृहस्थ पायऱ्यांवर पडता पडता वाचले. शेवटी पायऱ्या उतरून गुहेत गेलो. खाली संगमरवरात चौदा टोकांचा चांदीचा तारा, इथे जन्म झाला असं मानतात. मी गुडघे टेकले, ताऱ्याच्या मधल्या भोकात बोटं घातली, दगड गार आणि हजारो हातांनी गुळगुळीत झालेला, तेवढ्यात मागून आवाज, "क्विक, क्विक!" झालं. तीन सेकंद असतील. मला काहीही वाटलं नाही. रडूसुद्धा आलं नाही. मम्मी हळूच माझ्याकडे बघत होत्या, त्याचाही राग आला.

आमच्या टूर लीडरला जेवणाची घाई होती, पण गाईड म्हणाला, शेजारी सेंट कॅथरीन चर्च आहे, तिथून खाली अजून गुहा आहेत, पाच मिनिटं बघून घ्या. बरेच जण दमले होते, आम्ही सात-आठ जणच उतरलो. खाली गर्दी नव्हती. अंधूक उजेड, बसकं छत, गार दगडाचा वास. यातल्याच एका गुहेत संत जेरोम बसून पवित्र शास्त्राचं लॅटिन भाषांतर करत होते असं सांगतात. आणि एक गुहा निष्पाप बालकांची. बाळ येशूला संपवण्यासाठी हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या लेकरांची. जन्माची गुहा त्याच्या पलीकडेच आहे, मध्ये फक्त एक दार, तेव्हा बंद होतं.

मी तिथेच थांबले. मोबाईलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला. दहाव्या वचनात मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, तारा पाहून अतिशय आनंद होतो, आणि अठराव्या वचनात राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि सांत्वन नको म्हणते. तीच राहेल! आनंद आणि ते रडणं यांच्यात फक्त आठ वचनांचं अंतर. आणि तिला कुणी म्हणत नाही की बाई, प्रभू जन्मलाय, डोळे पूस. ती रडते, तेही शुभवर्तमानातच लिहून ठेवलंय, ख्रिस्तजन्माच्याच गोष्टीत. चार महिने मला वाटत होतं की आनंद पाहिजे असेल तर आधी रडणं बाहेर ठेवून यावं लागेल, चपलांसारखं. तिथे मी भिंतीला हात लावून मोठ्याने रडले.

टूर लीडर वरून हाका मारत होता, बस पार्किंगमध्ये थांबत नाही वगैरे. आणि ज्या मम्मी रोज सकाळी मला "आता रडायचं नाही हं" म्हणायच्या त्या पायरीवर बसल्या, गुडघे चोळत, आणि वर बघून म्हणाल्या, "थांबा जरा. तिचं होऊ दे." बास एवढंच. ते दोन शब्द, "होऊ दे", मी कधी विसरणार नाही.

तेवढ्यात वरच्या चर्चमध्ये कुठलातरी ग्रुप गायला लागला, भाषा कळत नव्हती पण चाल आमच्याच नाताळच्या गीताची. दगडी जिन्यातून आवाज खाली येत होता. मम्मी पुटपुटत मराठी शब्द म्हणायला लागल्या आणि दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं की मीही गातेय, नाक वाहतंय आणि गातेय. ऑगस्टपासून मी गायले नव्हते. त्या क्षणी जे वाटलं त्याला मी आनंदच म्हणेन, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. दुःख तिळभर कमी झालं नव्हतं. पण आत काहीतरी उबदार, भक्कम होतं आणि ते मी ओढूनताणून आणलेलं नव्हतं.

वर आलो तर बाकीचे वैतागले होते, त्यांची माफी मागितली. जेवण गारढोण मिळालं, कुणी काही बोललं नाही.

परतताना चेकपोस्टला बस बराच वेळ उभी होती. खिडकीबाहेर ती भिंत. मम्मींनी माझा हात त्यांच्या स्वेटरच्या खिशात घेतला होता. बाहेर बघतच त्यांनी विचारलं, "काय नाव ठेवणार होतीस गं?"

चार महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी ते नाव हळूच दोनदा म्हणून बघितलं.