शेपटीपुरता फोटो

चकल्यांचा पहिला घाणा निघत होता आणि शेजारचे आजोबा दारात. मुठीत मेमरी कार्ड, प्रसादाचा पेढा धरावा तसं. त्यांचा लॅपटॉप ते वाचेना, आणि आमच्या गल्लीत कॉम्प्युटरचं काहीही अडलं की लोक मलाच गाठतात. भारतीय ना मी.

अमेरिकेतल्या या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेला त्यांचं ४० एकर रान आहे. बंदुकीने हरणं मारायचा तिथला मुख्य हंगाम नऊच दिवसांचा, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारपासून. आजोबा मात्र ऑगस्टपासूनच झाडांना कॅमेरे बांधून बसतात. समोर काही ऊबदार हललं की फोटो निघतो. कुठला नर किती वाजता कुठल्या वाटेने येतो, शिंगांना फाटे किती, सगळी कुंडली तयार.

कार्डात अकराशेच्या वर फोटो. निम्म्याहून जास्त नुसतं गवत! ऊन तापलं, वारा सुटला की कॅमेरा फसतो म्हणे. मग माद्या, पाडसं, भिंगाला नाक लावलेला रॅकून, कॅमेऱ्याचा पट्टा चावणारं अस्वल, आणि कॅमेरा लावून परत निघालेल्या आजोबांची पाठ, सात वेळा. प्रत्येक फोटोखाली एक पट्टी: तारीख, वेळ, तापमान आणि चंद्राची कला. मला त्या पट्टीचंच कौतुक. तिथी तेवढी घातली असती तर भिंतीवर टांगलं असतं.

हा उद्योग जुनाच. शेजारच्या मिशिगनमध्ये जॉर्ज शायरस नावाच्या गृहस्थाने रानात दोरी ताणून ठेवली होती; जनावराचा पाय लागला की भक्कन उजेड आणि फोटो. त्याचे ७४ फोटो १९०६ साली 'नॅशनल जिओग्राफिक'ने छापले. तोही मुळात शिकारीच. पुढे त्याने बंदूक ठेवून दिली. हे मी आजोबांना सांगितलं नाही. हंगाम तोंडावर होता.

आणि मग रात्री २ वाजून ४७ मिनिटांनी एक शेपटी.

नुसती शेपटी. फोटोच्या डाव्या कडेला, जाडजूड, लांब, टोकाला काळसर, जराशी वर वळलेली. जनावर पुढे निघून गेलेलं. पुढच्या फोटोत गवत. आजोबांच्या हातातली चकली हातातच राहिली. बॉबकॅट, म्हणजे इथलं रानमांजर म्हणावं, तर त्याची शेपटी म्हणजे थोटूक. "पुमा?" ते इतक्या हळू म्हणाले की जणू ते जनावर स्वयंपाकघरात होतं.

पुमा म्हणजे मांजराच्या कुळातलं मोठं शिकारी जनावर; इथून तो शंभरेक वर्षांपूर्वीच संपला. अधूनमधून एखादा तरणा नर पश्चिमेकडून भटकत येतो, एवढंच. साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समधून निघालेला एक तर मिनेसोटा, विस्कॉन्सिन करत थेट कनेटिकटला पोहोचला. अंतर २४०० किलोमीटरच्या वर. वाटेत सापडलेल्या त्याच्या केसांवरून, विष्ठेवरून डीएनए जुळवला, म्हणून कळलं. जून २०११ मध्ये तिथे एका गाडीखाली मेला.

मी त्या शेपटीकडे बघत होतो आणि मला आठवलं ते पीठ.

आजी गेली तेव्हा मी सात वर्षांचा. ती जिथे गेली त्या जागी माजघरात दिवा ठेवला, भोवती तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली झाकली. सकाळी पिठात कुणाची पावलं दिसतात ते बघायचं. त्या जन्माला ती गेली. रात्री मला झोप लागेना. उठलो, टोपली जराशी उचलली. पीठ कोरं होतं. अगदी कोरं. दिवा फडफडला. मी तीन बोटं टेकवली आणि पळालो.

सकाळी काकाने टोपली काढली. "पाखरू," काकू म्हणाली आणि रडायला लागली, पण बऱ्या आवाजात. पुढे कित्येक वर्षं आमच्या परड्यात चिमण्यांना तांदळाच्या कण्या पडत होत्या. काकू जाईपर्यंत. मी कुणाला काही बोललो नाही.

"पुमाच ना?" आजोबांनी परत विचारलं. फोटोत दव पडलेलं गवत, त्यात एक काळी रेघ. फांदीही असू शकते.

"पुमाच," मी म्हटलं.

त्यांनी तो फोटो फोनवर घेतला, दोन चकल्या खिशात टाकल्या आणि गेले. शिंगांचे फाटे मोजायचे राहूनच गेले.